अँजिओप्लास्टीनंतरचं कार्डिअ‍ॅक रिहॅब: पेशंटच्या घरच्यांकडून रिव्ह्यू

बाबांना हार्ट अ‍ॅटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला आणि त्यानंतर आम्ही त्यांना एका कार्डिअ‍ॅक रिहॅब प्रोग्रामला घातलं. तो आता पूर्ण झालाय म्हणून सविस्तर लिहितेय. सेंटरचं नाव देत नाहीये, मला कोणाची जाहिरातही करायची नाही आणि कोणाला नावंही ठेवायची नाहीत. अशा पेशंटला देखरेखीखाली व्यायाम करून घेणारी आणि आजाराची माहिती देणारी ही सर्व्हिस नक्की असते काय, आत गेल्यावर काय करून घेतात आणि त्यासाठी एवढा वेळ द्यावा का, हे सांगायचंय. माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार. एक स्टार कुठे कापला ते पुढे येईलच.

सगळ्यात आधी एक राग काढून टाकते. जिथे अँजिओप्लास्टी झाली तिथे डिस्चार्जच्या वेळी आम्हाला रिहॅबबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. गोळ्यांची यादी दिली, फॉलोअपची तारीख दिली, "जड उचलू नका, टेन्शन घेऊ नका" एवढं सांगितलं आणि पाठवलं घरी. डिस्चार्ज कार्डवर खाली कुठेतरी एक ओळ होती, तीही मला घरी येऊन कागद परत परत वाचताना दिसली. ज्या गोष्टीचा फायदा इतक्या अभ्यासांत दिसलाय ती एका ओळीत संपवायची हे मला अजिबात पटत नाही. २०२१ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने व्यायामावर आधारलेल्या रिहॅबचा मोठा आढावा घेतला, त्यात ८५ चाचण्या आणि २३ हजारांवर पेशंट होते, आणि रिहॅब करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू, पुन्हा येणारा अ‍ॅटॅक आणि पुन्हा अ‍ॅडमिट व्हायची वेळ हे तिन्ही कमी दिसलं. तरी बहुतेक पेशंट तिथपर्यंत पोचतच नाहीत, आणि त्यातल्या कितीतरी जणांना असं काही असतं हेच माहीत नसतं.

आता प्रोग्रामचा साचा. साधारण १२ आठवडे, आठवड्याला ३ सेशन, म्हणजे ३६ सेशन, असा पॅटर्न जगात बऱ्याच ठिकाणी आहे आणि इथेही तोच होता. पहिल्या दिवशी व्यायाम नाहीच. इकोचा रिपोर्ट बघितला, गोळ्या एकेक करून विचारल्या (नुसती यादी नाही, प्रत्येक गोळी कधी घेता, कशासाठी घेता, एखादी चुकते का), बीपी, वजन, कंबर मोजली, आणि मग कॉरिडॉरमध्ये ६ मिनिटं चालायला लावलं आणि किती मीटर झाले ते लिहून घेतलं. हीच टेस्ट शेवटी परत घेतात, त्यामुळे फरक कागदावर दिसतो, "बरं वाटतंय हो" असल्या मोघम उत्तरावर राहत नाही. ज्यांना जमणार असेल त्यांची स्ट्रेस टेस्टही (व्यायाम चालू असताना हृदयाची तपासणी) करतात आणि कुठल्या लेव्हलपर्यंत न्यायचं ते त्यावरून ठरवतात.

हॉल फार मोठा नव्हता. ट्रेडमिल, सायकली, हाताने फिरवायची एक सायकल, हलकी डंबेल्स, आणि दाराशीच लाल ट्रॉलीवर शॉक द्यायचं मशीन, रोज सकाळी ते चालू करून तपासतात हे मी स्वतः बघितलंय. छातीला लीड चिकटवून सगळ्यांचे ईसीजी एकाच मोठ्या मॉनिटरवर येतात आणि एक सिस्टर फक्त त्याच्यासमोर बसलेली असते. बाबांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं ठरलं असं मला वाटतं, कारण घरी आल्यापासून ते जिना चढायलाच तयार नव्हते. रात्री कुशीवर झोपायचे नाहीत, बोटाला ऑक्सिमीटर लावून दर थोड्या वेळाने पल्स बघायचे, पल्स ९० दिसली की घाबरायचे आणि घाबरल्याने ती अजून वाढायची. आई तर त्यांना पाण्याचा ग्लासही उचलू देत नव्हती. स्टेंट टाकून आठवडे झाले तरी माणूस घरात जपून ठेवल्यासारखा बसलेला. डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलं असतं "तुम्ही चालू शकता" तरी फरक पडला नसता, पण मॉनिटर समोर असताना, सिस्टर बघत असताना पल्स ११० ला गेली आणि काही झालं नाही, हे स्वतःच्या शरीरावर बघितल्यावर त्यांचा विश्वास बसला.

इथल्या फिजिओ मॅडमबद्दल वेगळं लिहायलाच हवं. भिंतीवर ६ ते २० आकड्यांचा एक तक्ता आहे, बोर्ग स्केल म्हणतात त्याला, गुन्नर बोर्ग नावाच्या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने बनवलेला. ६ म्हणजे काहीच कष्ट नाहीत आणि २० म्हणजे आता जीव जाईल इतके कष्ट. ट्रेडमिलवर चालताना मॅडम येऊन विचारतात, "काका, आकडा?" आणि आपल्याला किती जड जातंय तो आकडा सांगायचा. बहुतेकांना ११ ते १४ मध्ये ठेवतात. एकदा बाबा छाती काढून "बारा" म्हणाले पण वाक्य मध्येच तुटलं, श्वास घ्यायला थांबावं लागलं, मॅडमनी काही न बोलता ट्रेडमिलचा चढ कमी केला, स्पीड तसाच ठेवला, आणि मिनिटभराने परत विचारलं, "आता माझ्याशी गप्पा मारा बघू." गप्पा मारता आल्या पाहिजेत पण गाणं म्हणता येऊ नये, ही त्यांची मापायची साधी पद्धत. मी विचारलं की सरळ पल्सवरूनच का नाही ठरवत, तर म्हणाल्या की अ‍ॅटॅक आलेल्या बऱ्याच जणांना बीटा ब्लॉकर चालू असतो, तो पल्स मुद्दाम खाली धरून ठेवतो, त्यामुळे वयावरून काढायचं जे गणित नेटवर सापडतं ते अशा पेशंटला लागू पडत नाही. मनगटावरच्या घड्याळाकडे बघून व्यायाम करणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्या.

वॉर्मअप आणि शेवटचं हळूहळू थांबणं यात त्या कोणालाच सूट देत नाहीत. एक गृहस्थ घाईत होते, ट्रेडमिल बंद करून सरळ निघाले, तर त्यांना परत बोलावून सायकलवर बसवलं. कारणही सांगितलं, की एकदम थांबलं की रक्त पायात साचून राहतं, बीपी धाडकन खाली येतं, चक्कर येते आणि ठोक्यांची लय बिघडायचा धोका नेमका त्याच वेळी असतो. बाबा आता बाहेर चालून आले तरी शेवटची ५ मिनिटं रमतगमत चालतात.

व्यायाम निम्मा भाग झाला. दर आठवड्याला एक क्लास असायचा आणि त्याला घरच्यांनाही बसता यायचं, मी जमेल तेवढे बसले. त्यातला ब्लॉकेजवरचा क्लास मला वाटतं प्रत्येक पेशंटच्या घरी ऐकवायला हवा. आपल्या डोक्यात चित्र असतं नळात गाळ साचत जातो आणि एक दिवस नळ बंद होतो असं. खरी भानगड वेगळी आहे. कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत जाऊन बसतं, तिथे सूज येते, त्यावर एक पातळ आवरण असतं, आणि ते फाटलं की त्यावर काही मिनिटांत रक्ताची गुठळी होते आणि वाहिनी बंद पडते. म्हणजे ४० टक्के दिसणारं ब्लॉकेजसुद्धा फाटू शकतं, आणि काही ७० टक्केवाली वर्षानुवर्षं शांत पडून राहतात. स्टेंटने एक जागा उघडली, तीनही मुख्य वाहिन्यांच्या बाकीच्या भिंती तशाच आहेत. बाबा म्हणत होते "आता ब्लॉकेज काढलं ना, मग झालं बरं", त्यांना तिथे पहिल्यांदा कळलं की आजार अजून अंगात आहे आणि त्याची ट्रीटमेंट म्हणजे गोळ्या, चालणं, तंबाखू बंद आणि बीपी ताब्यात.

याच क्लासमध्ये डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट स्वच्छ सांगितली, जी हॉस्पिटलमध्ये ऐकायला मिळेलच असं नाही. अ‍ॅटॅक चालू असताना केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, त्यात वाद नाही. पण अ‍ॅटॅक नाही, चालल्यावर छाती भरते आणि आराम केला की थांबते, असा स्थिर त्रास असेल तर तिथे हिशोब वेगळा आहे. २०२० मध्ये इस्केमिया नावाच्या चाचणीचे निकाल आले, ५ हजारांवर पेशंट होते, त्यात नीट गोळ्या घेणारे आणि गोळ्यांबरोबर लगेच स्टेंट किंवा बायपास करणारे यांच्यात मृत्यू किंवा अ‍ॅटॅकमध्ये ठळक फरक दिसला नाही, छातीतलं दुखणं मात्र प्रोसिजरने जास्त कमी झालं. मुख्य डाव्या वाहिनीचं ब्लॉकेज किंवा फार कमजोर हृदय असलेले त्या अभ्यासात नव्हते, हेही त्यांनी लगेच सांगितलं, नाहीतर लोक अर्धं ऐकून घरी जातात.

गोळ्यांचा क्लास घेतला फार्मासिस्टने, आणि मला तो सगळ्यात उपयोगी वाटला. स्टेंट टाकल्यावर अ‍ॅस्पिरिनबरोबर रक्त पातळ करणारी दुसरी गोळी असते, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर किंवा प्रासुग्रेल यातली एक. अ‍ॅटॅकनंतर ती बहुतेकांना साधारण वर्षभर चालते, आणि ती मनाने बंद केली तर नव्या स्टेंटमध्येच गुठळी व्हायची भीती असते. दात काढायचाय म्हणून डेंटिस्टकडे जाताना लोक परस्पर दोन्ही बंद करतात, तर तसं अजिबात करू नका, आधी हार्टच्या डॉक्टरांना फोन. स्टॅटिनबद्दल, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीबद्दल, तर आमच्या बॅचमध्ये सगळ्यांनाच शंका. "कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, आता कशाला?" हा प्रश्न येणारच होता आणि आला. उत्तर असं की नॉर्मल आलंय ते गोळीमुळे आलंय, आणि ज्याला एकदा अ‍ॅटॅक आलाय त्याच्यासाठी लॅबच्या कागदावर छापलेली नॉर्मलची रेंज चालतच नाही, त्याचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली आणि युरोपच्या २०१९ च्या गाइडलाइनप्रमाणे ५५ च्याही खाली हवं. एका गोळीने होत नसेल तर डोस वाढवतात किंवा एझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडतात. त्यांनी १९९४ च्या चाचणीचं उदाहरण दिलं, ४,४४४ हृदयरोग्यांवरची, सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले होते. अंग दुखतं म्हणून गोळी सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगा, दुसरं स्टॅटिन असतं, कमी डोस असतो, रक्ताची टेस्ट करून बघता येते, मार्ग बरेच असतात.

जिभेखालच्या गोळीचा भाग त्यांनी प्रत्येकाकडून करवून घेतला. छातीत दुखायला लागलं की आधी बसायचं, उभ्याने घ्यायची नाही कारण बीपी पडून माणूस कोसळू शकतो, गोळी जिभेखाली ठेवायची, आणि ५ मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर वाट न बघता अँब्युलन्स. स्वतः गाडी चालवत जायचं नाही. गोळीची बाटली कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं आणि एक्स्पायरी बघत राहायची. आणि मग सरळ सगळ्यांसमोर सांगितलं की लैंगिक संबंधांसाठी घेतात त्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतली असेल तर २४ तास आणि टाडालाफिल घेतली असेल तर ४८ तास ही नायट्रेटची गोळी चालत नाही, बीपी जीवघेणं खाली जाऊ शकतं, तेव्हा लाजू नका, अँब्युलन्सवाल्यांनाही सांगा. हॉलमध्ये एकदम शांतता. पण त्यानंतर दोघातिघांनी बाहेर जाऊन त्यांना गाठलंच, आणि हे प्रश्न दुसरीकडे कुठे विचारणार होते ती माणसं? दोन जिने न थांबता, न दुखता चढता येत असतील तर सहसा पतिपत्नीच्या संबंधांना हरकत नसते, हेही तिथेच सांगितलं.

पूर्वी अ‍ॅटॅक आल्यावर पेशंटला सहा सहा आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवायचे. १९५२ मध्ये बॉस्टनच्या लेव्हिन आणि लाऊन यांनी पेशंटला लवकर खुर्चीत बसवायला सुरुवात केल्याचं प्रसिद्ध केलं तेव्हा तेसुद्धा धाडस होतं. पुढच्याच वर्षी लंडनमधून जेरेमी मॉरिस यांचा बसवाल्यांचा अभ्यास आला, दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा डबलडेकरच्या जिन्यावर वर खाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. आईला हा किस्सा इतका आवडला की तिने बाबांना जिन्यावरून अडवणं बंद केलं.

तंबाखूच्या बाबतीत सेंटर कडक आहे आणि ते योग्यच आहे. सोडल्यापासून साधारण वर्षभरात जास्तीचा धोका निम्म्यावर येतो, म्हणजे हृदयासाठी इतकी झटपट फळ देणारी गोष्ट दुसरी क्वचितच असेल. निकोटीन गम, पॅच याबद्दल नीट सांगतात, "मनावर घ्या" असं म्हणून सोडून देत नाहीत. घरी बीपी कसं घ्यायचं तेही करून दाखवतात: आधी ५ मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या लेव्हलला टेबलवर, पट्टा कपड्यावरून नाही तर उघड्या दंडावर, बोलायचं नाही, आणि एक मिनिट सोडून दुसऱ्यांदा घ्या. आम्ही इतके दिवस बाबांना सोफ्यावर टेकून, टीव्ही चालू ठेवून घेत होतो आणि ते आकडे डॉक्टरांना दाखवत होतो.

आता कुठे कमी पडलं ते. आहाराचा क्लास निव्वळ छापील कागद. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, ट्रान्स फॅट टाळा, फायबर वाढवा, सगळं खरं, पण घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाला ५ ग्रॅम म्हणजे नेमकं किती आणि बाहेरच्या पाकिटातलं मीठ कसं ओळखायचं हे कोणी समोर बसून सांगितलं नाही. सगळ्या बॅचेस ऑफिसच्या वेळेतल्या, त्यामुळे कामावर परत रुजू झालेले दोघेजण मध्येच सोडून गेले आणि त्यांच्यासाठी काही पर्याय दिला गेला नाही. घरी फोनवरून देखरेख ठेवून केलेलं रिहॅबही सेंटरइतकंच चालतं असं अभ्यासात दिसलंय, मग त्यांना ते का देऊ नये?

मनाच्या बाजूकडे तर फारच कमी लक्ष. अ‍ॅटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला डिप्रेशन येतं, तो माणूस गोळ्याही नीट घेत नाही आणि सेशनलाही येत नाही. इथे काउन्सेलर आहेत पण "हवं असेल तर सांगा" पद्धतीने, आणि ज्याला गरज असते तोच सांगत नाही. पहिल्याच दिवशी चार प्रश्न विचारून घ्यायला काय हरकत आहे? आणि बायका! आमच्या बॅचमध्ये एकच ताई होत्या. हृदयविकार बायकांनाही होतो, पण त्यांना छातीत दुखण्याबरोबर किंवा त्याऐवजी धाप, मळमळ, पाठीत किंवा जबड्यात दुखणं असं होऊ शकतं, ते अ‍ॅसिडिटी म्हणून निघून जातं, आणि पुढे रिहॅबला पाठवतानाही त्या मागेच राहतात. त्या ताई मला म्हणाल्या, "घरचं कोण बघणार म्हणून मी येणारच नव्हते, मुलाने आणून सोडलं." सेंटरने हे लक्षात घेऊन काहीतरी करायला हवं.

स्टार कापला तो मुख्यतः शेवटासाठी. १२ आठवडे झाले, ६ मिनिटांची टेस्ट परत झाली, बाबांचं अंतर चांगलंच वाढलं, सर्टिफिकेट मिळालं आणि संपलं. त्यानंतर एक फोन नाही. खरं तर इथून पुढेच माणूस घसरतो, आठवड्याला १५० मिनिटं चालणं स्वतःच्या जिवावर चालू ठेवायचं असतं, तेव्हा महिन्यातून एक फोन आला तरी खूप फरक पडेल. बॅचमधल्या मंडळींनी आपापसात ग्रुप केलाय, सकाळी कोण चाललं ते तिथे टाकतात, तेवढ्यावर निभावतंय.

तुमच्या घरी कोणाचा अ‍ॅटॅक, स्टेंट किंवा बायपास झाला असेल तर डॉक्टरांना तोंडाने विचारा, "रिहॅबला पाठवताय का?" ते सांगेपर्यंत थांबू नका. बायपासवाल्यांना छातीचं हाड जुळेपर्यंत वजनं आणि ओढाताण वर्ज्य असते, पण चालणं आणि पायाचे व्यायाम लवकर सुरू होतात. आराम करतानाही छातीत दुखत असेल, बीपी ताब्यात नसेल किंवा ताप असेल तर ते आधी सावरतात, मग व्यायाम. सेंटर निवडताना मॉनिटर आणि शॉकचं मशीन आहे का, डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतात का, घरच्यांना क्लासला बसू देतात का आणि प्रोग्राम संपल्यावर फॉलोअप आहे का, एवढं बघा. आणि नाव डिस्चार्जच्या दिवशीच नोंदवून टाका, नंतर वेटिंग लागतं, आणि उशीर जितका होतो तितकं "आता बरं आहे की, कशाला जायचं" म्हणून जाणं राहूनच जातं.